सातव्या स्पीकरमधला कान

धैर्यशील सरनोबत हा माणूस मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी समतोलपणाची अपेक्षा ठेवायला नको. नऊ वर्षं आम्ही एकाच कोल्हापुरात राहून एकमेकांशी बोललेलो नाही. या नऊ वर्षांत मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या पडद्यावर त्याची मुलाखत झळकते आणि त्यात तो डोळे मिटून सांगतो, "स्पीकर घडवणं ही कला आहे. यंत्रं मोजतात, मी ऐकतो."

२०४३च्या जानेवारीत निखत मुजावर नावाच्या मुलीचा मला फोन आला. ती 'कर्णिका' कंपनीत श्रवणतज्ज्ञ होती. मूळची मिरजेची, आवाजावरून तिशीतली.

"मॅडम, आम्ही सरनोबत सरांचा कान बाजारात आणतोय," ती म्हणाली. "सातवा स्पीकर बनला तेव्हा तुम्ही त्यांच्या भागीदार होता. तुमची साक्ष लागेल."

"नुसता कान कशाला? अख्खा माणूस न्या. माझी हरकत नाही."

ती हसली नाही. माझ्याबद्दल तिला कुणीतरी आधीच सावध केलं असावं.

कान विकत मिळायला लागून तेव्हा चार वर्षं झाली होती. एखाद्या नामांकित ध्वनिमुद्रकाचा किंवा गवयाचा कान निवडायचा, शेंगदाण्याएवढी गोळी कानात बसवायची, की जगातला प्रत्येक आवाज त्या माणसाला जसा ऐकू येतो तसा आपल्याला ऐकू येणार. गाणं तसं, रिक्षाचा हॉर्न तसा आणि घरच्यांचं बोलणंही तसंच. देशात चार कोटी लोक कुणा ना कुणाचा कान लावून हिंडत होते. एका घरात नवरा एक कान लावायचा, बायको दुसरा. मग तो म्हणायचा तू ओरडलीस आणि ती म्हणायची मी साधंच बोलले. माझी भाची शर्वरी शिकायला माझ्याकडे राहते. तिने तर मला तोंडावर सांगितलं होतं, "आत्या, उघड्या कानाने ऐकलं की तू कायम पेपर तपासत असल्यासारखी बोलतेस. कान लावला की बरी वाटतेस."

यामागचं शास्त्र चांगलं आहे, ते नाकारण्याइतकी मी हट्टी नाही. आपला कान नुसता ऐकत नाही, तो स्वतः बारीक आवाजही करतो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यातल्या केसाळ पेशी येणाऱ्या आवाजाला ढकलून मोठं करतात आणि त्या ढकलण्याचा थोडा आवाज उलट बाहेर पडतो. संवेदनशील माइकने तो टिपता येतो. कुठल्या पट्टीत ढकलणं जोरात आणि कुठे मंद, याचा नकाशा प्रत्येक माणसाचा वेगळा निघतो. कर्णिकावाले त्याला कर्णमुद्रा म्हणतात.

गंमत पुढे आहे. कानाने ऐकून स्पीकर जुळवणारा माणूस नकळत आपल्या कानाची भरपाई करत असतो. जिथे त्याला कमी ऐकू येतं तिथे तो आवाज चढवतो, जिथे जास्त येतं तिथे उतरवतो. म्हणजे त्या स्पीकरचा आलेख उलटा केला की जुळवणाऱ्याचा कान हाती लागतो. वयानुसार कान कसा थकत जातो याची कोष्टकं आता इतकी पक्की झाली आहेत की आजचा कान तपासून सतरा वर्षांपूर्वी तो कसा होता हेही सांगता येतं. स्पीकर आणि माणूस समोर ठेवले की हा स्पीकर याच माणसाने जुळवला का, ते पाच मिनिटांत कळतं.

हे ऐकल्यावर मी साक्षीला लगेच हो म्हटलं. कारण सातवा स्पीकर कुणाच्याही कानाने जुळवलेला नव्हता. तो मोजून केला होता आणि तो मी मोजला होता.

ते २०२६ साल. शिवाजी उद्यमनगरात, माझ्या वडिलांच्या फाउंड्रीला लागून असलेल्या शेडमध्ये आम्ही दोघं स्पीकर बनवायचो. सहा नमुने फसले, सातवा जमला. तो लावला की गाणारा माणूस दोन पावलं पुढे येऊन आपल्यासाठी गातोय असं वाटायचं. लोक वेडे झाले. आजही त्याची जुनी जोडी मिळाली तर लोक दिवाणखाना तिच्याभोवती मांडतात. नोंदणीच्या कागदावर डिझायनर म्हणून धैर्यशीलचं नाव गेलं, कारण त्या दिवशी मी तापाने घरी होते आणि त्याला दोन नावं लिहायचा कंटाळा आला. २०३४ साली त्याला मोठा पुरस्कार मिळाला. व्यासपीठावर त्याने माझा उल्लेख केला तो असा: "वायरिंगचं सगळं काम उज्ज्वला पोवार यांनी सांभाळलं." त्या संध्याकाळी मी भागीदारी मोडली.

स्पीकर बनवायचो तेव्हापासूनच मी पॉलिटेक्निकमध्ये ध्वनिमापन शिकवत होते. बारा बॅच शिकवल्या. कानावर विश्वास ठेवायचा नाही, आलेखावर ठेवायचा, हे मी पोरांच्या डोक्यात हातोड्याने बसवलं. आमच्या प्रयोगशाळेतले सगळे माइक दर सहा महिन्यांनी माझ्या शेडमधल्या पहिल्या माइकशी ताडून बघितले जायचे. तो आमचा प्रमाण माइक. धैर्यशील म्हणतो ती कला मला मान्य नाही. ज्याला मोजता येत नाही तो कलेच्या नावाखाली दडी मारतो, असं मी वर्गात सांगायचे आणि उदाहरण म्हणून त्याचं नाव घ्यायचे.

आठवड्याभराने निखत माझ्या घरी आली. तिच्या हातात तपासणीची पेटी होती.

"सरांची तपासणी झाली. निकाल मला सांगता येत नाही, तो ज्याचा कान त्याच्या मालकीचा," ती म्हणाली. "पण मी तुमचा कान तपासायला आलेय. यावरून काय ते समजा."

मला इतका आनंद झाला की मी तिला दुसऱ्यांदा चहा टाकला. सतरा वर्षं मिरवलेला कान स्पीकरमध्ये नव्हताच.

"माझा तपासून काय मिळणार?" मी म्हटलं. "त्यात कुणाचाच कान नाही. तो मोजलेला आहे."

"त्यात कान आहे, मॅडम. अगदी स्वच्छ उमटलाय. त्या शेडमध्ये माणसं दोनच होती. म्हणून आले."

मी हसत हसत खुर्चीत बसले. तिने माझ्या कानात नळ्या बसवल्या, टिकटिक ऐकवली आणि पडद्याकडे बघत राहिली. मग तिने पडदा माझ्याकडे वळवला. दोन रेघा होत्या, एक सातव्याच्या आलेखाची उलटी आणि दुसरी माझ्या अडतिसाव्या वर्षीच्या, म्हणजे २०२६च्या कानाची. शंभरात सत्त्याण्णव ठिकाणी त्या एकमेकींवर बसत होत्या. साडेतीन हजार हर्ट्झच्या जवळ दोन्हींत एक खड्डा होता.

"हा खड्डा हातोड्याच्या आवाजाने पडतो," निखत म्हणाली. "लहानपणी फाउंड्रीजवळ राहत होता का?"

राहत होते. ओतीव भागांवरची कड छिन्नी-हातोड्याने उडवतात, त्याला आमच्याकडे फेटलिंग म्हणतात. त्या फेटलिंगच्या भिंतीला पाठ लावून मी दहावीपर्यंत अभ्यास केला.

"अभिनंदन, मॅडम. दावा करायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. तुमचा कान त्यात कसा गेला, ते तेवढं लिहून द्यावं लागेल. ते कंपनी जाहीर करते."

"आणि दावा केला नाही तर?"

"तर नोंदणीवर ज्यांचं नाव आहे त्यांच्या नावाने जाईल. कंपनीला नाव लागतं."

ती गेल्यावर मी शेडची किल्ली शोधली. माझा कान सातव्यात जाण्याचा काही मार्गच नव्हता, आणि तरी तो गेला होता. दोन दिवस मी जुन्या वह्या उपसत बसले. दुसऱ्या दुपारी २०२५ची निळी वही सापडली आणि त्यातल्या एका पानावर माझं स्वतःचं अक्षर होतं: 'माइक १. तूर्त कानाने जुळवला. प्रमाणित आल्यावर तपासणे.'

मग सगळं आठवलं. प्रमाणित माइक परदेशातून यायला आठ महिने लागणार होते आणि मला धीर नव्हता. मी पुस्तकातला श्रवणाचा तक्ता समोर ठेवून एकशेवीस स्वर एकेक करून ऐकले. तक्त्याप्रमाणे जेवढा मोठा ऐकू यायला हवा तेवढा येईपर्यंत स्वर चढवत गेले आणि त्या वेळी माइक जे दाखवेल त्याला 'बरोबर' म्हणत गेले. साडेतीन हजाराला माझा कान अधू होता. तो स्वर मी तीन डेसिबल जास्त चढवला आणि त्यालाच सपाट, म्हणजे ना चढ ना उतार, असं ठरवलं. पुढे त्या माइकने मोजून 'सपाट' केलेल्या प्रत्येक स्पीकरमध्ये तिथे तीन डेसिबलचा चढ आला. माणसाच्या आवाजाची धार नेमकी त्याच पट्टीत असते, म्हणून सातव्यातला गवई दोन पावलं पुढे येत होता.

आणि प्रमाणित माइक? तो आला होता. त्याचा आणि माझा आकडा जुळेना, तेव्हा तो सदोष आहे असं खरमरीत पत्र लिहून मी परत पाठवला होता. पत्राची प्रत त्याच वहीत पिन करून ठेवलेली होती. मी ती वाचली आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी शेडमध्येच खाली फरशीवर बसले.

घरी येऊन शर्वरीला सांगितलं. तिला फक्त अर्धंच ऐकू गेलं.

"म्हणजे सातवा तुझा आहे? आत्या, मग अडलंय कुठे? सही कर."

अडलं होतं ते असं. सही केली तर सरनोबतच्या हातून सातवा सुटून माझ्या नावावर येणार होता, पण त्यासाठी माझा प्रमाण माइक खोटा होता हे जगाला सांगावं लागणार होतं. बारा बॅचना मी चुकीच्या माइकवर शिकवलं, कितीतरी सभागृहांचे अहवाल त्यावर लिहिले, ते सगळं धुतलं जाणार होतं. सही केली नाही तर माझं शास्त्र शाबूत राहणार आणि त्या माणसाचं नाव चार कोटी कानांत जाणार. मी तीन दिवस नीट जेवले नाही.

भागीदारी मोडल्यावर त्याने वेगळी शेड घेतली होती, गुरुवारी सकाळी मी तिथे गेले. तो पूर्वीसारखाच स्टुलावर बसून स्पीकरच्या कागदी शंकूला डिंक लावत होता. केस सगळे पांढरे झाले होते, ते बघून मला बरं वाटलं.

"ये की," तो म्हणाला. "नऊ वर्षं लागली व्हय एवढं अंतर चालायला?"

"सातव्यातला कान तुझा नाही."

"ठाऊक आहे. तुझा आहे."

मी ओरडायची तयारी करून आले होते, ती तशीच राहिली.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"कान तुझा आहे हे परवा कळलं, त्या मुजावरांच्या पोरीच्या पडद्यावर माझी रेघ जुळेना तेव्हा. माइक खोटा आहे हे मात्र पहिल्या दिवसापासून. पहिल्यांदा सातवा लावला तेव्हा मी म्हणालो होतो, उज्ज्वला, आवाज पुढं येतोय. तू काय बोललीस आठवतं काय?"

आठवत होतं. 'आलेख सपाट आहे. कान धुऊन ये,' असं म्हणाले होते.

त्याने खण उघडून एक पिवळट कागद काढला आणि माझ्यासमोर टाकला. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने मोजलेला सातव्याचा आलेख होता, तारीख ११ मार्च २०२७. साडेतीन हजाराला तीन डेसिबलचा चढ, शिक्क्यासकट.

"तू मोजून घेतलास?" मी विचारलं. "तू?"

"तुझ्याशी भांडायचं तर कागद पाहिजे होता."

म्हणजे कानाच्या गप्पा मारणाऱ्याने मोजलं होतं आणि मोजण्याच्या गप्पा मारणारीने कान वापरला होता. मला त्याक्षणी त्याचा आणि माझा सारखाच राग आला.

"मग दाखवला का नाहीस?"

"परत येताना कराडपर्यंत दाखवायचाच विचार होता. मग वाटलं, हा कागद बघितला की ही बया दोन दिवसांत तो चढ काढून टाकणार. स्पीकर बरोबर होणार. बरोबर स्पीकर बाजारात ढिगानं पडलेत, उज्ज्वला. चुकून एक चांगला झाला होता. म्हणून कागद खणात ठेवला. लोकांना मी कला कला म्हणतो ती एवढीच. चूक ऐकली आणि राहू दिली."

"आणि मी बारा बॅचना खोटं शिकवत राहिले ते? तेही राहू दिलंस?"

त्याचा ब्रश थांबला. "ते माझं चुकलं," तो म्हणाला. "पहिल्याच वर्षी सांगायला पाहिजे होतं. मग जसजसा उशीर झाला तसं सांगणं अवघड होत गेलं. आणि तुला काही सांगायचं म्हणजे... जाऊ दे."

"जाऊ दे काय? व्यासपीठावर मला वायरमन करताना अवघड नाही वाटलं?"

"वाटलं. पण तू माझ्याबद्दल वर्गात काय बोलतीस ते माझ्यापर्यंत येत होतं. मलाही राग हाय."

मी कागद उचलला. त्याने मागितला नाही. दारात पोहोचले तेव्हा मागून म्हणाला, "तू सही करणार नाहीस. माझं चुकलं असं चारचौघांत म्हणणं तुला जमायचं नाही. मी ओळखतो तुला."

शुक्रवारी निखतने अर्ज माझ्यासमोर ठेवला. वर कानाच्या मालकाचं नाव. तिथे मी उज्ज्वला बाबूराव पोवार असं लिहिलं. खाली 'जुळवणीची पद्धत' असा रकाना होता आणि त्यात दोन चौकोन: 'कानाने' आणि 'मोजून'. मी दोन्हींवर काट मारली आणि शेजारी लिहिलं: 'चुकून'. मग निळ्या वहीतलं पान, परत पाठवलेल्या माइकचं पत्र आणि पुण्याचा आलेख जोडला.

"मॅडम, हे जाहीर झालं तर तुमच्या सगळ्या जुन्या मोजण्यांवर बोट ठेवलं जाईल," निखत म्हणाली.

"ठेवायलाच पाहिजे."

खाली थोडी जागा उरली होती. ती कोरी सोडायची माझी फार इच्छा होती. चूक माझी होती हे जेवढं खरं होतं, तेवढंच तिच्यातून काहीतरी चांगलं निघालंय हे ऐकणारी मी नव्हते हेही खरं होतं. मला तो चढ कधी ऐकूच आला नव्हता; माझ्या कानात तिथे खड्डा आहे. शेवटी लिहिलं: 'चूक ओळखून जपून ठेवली: धैर्यशील सरनोबत.' त्याचं नाव लिहिताना मला जेवढा त्रास झाला तेवढा स्वतःची चूक लिहितानाही झाला नव्हता.

घरी येऊन मी बाराही बॅचच्या विद्यार्थ्यांना एक पत्र लिहिलं. आपला प्रमाण माइक साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल कमी दाखवत होता, तुम्हाला मी चुकीचं शिकवलं, तुमच्या कामात त्यामुळे दोष राहिले असतील तर त्याला मी जबाबदार आहे, असं. दोनशे सत्तर जणांना ते पाठवलं आणि शिव्यांची वाट बघत बसले.

पहिलं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. तिसऱ्या बॅचच्या अस्मिता खोतचं.

'मॅडम, पत्र मिळालं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमचं काहीच नुकसान झालं नाही, कारण आम्हाला हे माहीत होतं. आमचे सीनियर नोकरीला लागले तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी आम्हाला सांगितलं, आम्ही पुढच्यांना. जर्नलमध्ये तुमचा आकडा लिहायचा, बाहेर गेलं की तीन मिळवायचे. त्याला सगळे 'पोवार करेक्शन' म्हणतात. तुम्हाला सांगायला आम्ही चौघीजणी एकदा तुमच्या केबिनपर्यंत आलो होतो. तुम्ही मान वर न करता "काय आहे?" असं विचारलंत. आम्ही म्हटलं, काही नाही मॅडम, आणि परत गेलो.'

मी ते तीनदा वाचलं. स्वयंपाकघरात शर्वरी पोहे परतत होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

"शर्वरी, तुला मला काही सांगायचं होतं आणि तू सांगितलं नाहीस, असं कधी झालंय का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. उलथनं हातातच राहिलं. मग तिने गॅस बारीक केला.

"काही नाही, आत्या," ती म्हणाली.